नेहमी, सहसा, न चुकता

शिफारसपत्रांचा आणि नोकरीच्या अर्जांचा मोसम आला की इंग्रजी मजकुरात एक शब्द हटकून भेटतो : ऑलवेज. ‘आय ॲम ऑलवेज पंक्च्युअल’, ‘शी ऑलवेज सबमिट्स हर वर्क ऑन टाइम’. लिहिणाऱ्याच्या मनात खोटेपणा नसतो. चांगलं सांगायचंच तर पुरेपूर सांगावं, एवढाच भाव. पण वाचणाऱ्यानं हाच शब्द ढीगभर अर्जांत वाचलेला असतो आणि नेहमी वेळेवर असणारा माणूस त्याला आयुष्यात भेटलेला नसतो. तो त्या वाक्यावर थांबतच नाही.

इंग्रजीत नियमितपणा आणि भरवसा सांगणारी क्रियाविशेषणं ही वाचणाऱ्याला दिलेली हमी असते. प्रत्येकाची हमी निराळी, आणि ती जितकी नेमकी तितका तिच्यावर विश्वास बसतो. आपल्या शाळांत मात्र हे शब्द शिडीसारखे शिकवले जातात. ऑलवेज सर्वांत वर, मग युज्वली, ऑफन, समटाइम्स, सेल्डम आणि तळाला नेव्हर. कुठल्या पायरीला किती टक्के तेही फळ्यावर लिहून देतात. शिडी चुकीची नाही, पण ती फक्त ‘किती वेळा’ एवढंच मोजते. पुढे कामाच्या ठिकाणी ज्या शब्दांशी गाठ पडते ते तिच्यावर बसतच नाहीत.

रेग्युलरली घ्या. त्यात ‘किती वेळा’ला महत्त्व नाही, अंतर ठरलेलं असणं महत्त्वाचं. हॅलेचा धूमकेतू साधारण 76 वर्षांनी येतो. 1986 मध्ये येऊन गेला, आता 2061 मध्ये येईल. तो रेग्युलरली येतो, पण फ्रीक्वेंटली येतो असं कोणी म्हणणार नाही. कन्सिस्टंटली हा शब्द स्तुतीचा आहे असा आपल्याकडे समज आहे. तो केवळ सारखेपणा सांगतो. एखादी गाडी कन्सिस्टंटली लेट असू शकते. आणि रिलायबली म्हणायचं तर कोणीतरी त्या गोष्टीवर विसंबून असावं लागतं. गावाला पाणी देणारा पंप रिलायबली चालतो असं लिहिलं, की त्या पाण्याची वाट पाहणारी घरं वाक्यात न येताही हजर असतात. मराठीत याच्या जवळ जातो तो ‘हमखास’. रेग्युलरलीला ‘नेमाने’ आहे, कन्सिस्टंटलीला ‘सातत्याने’, विदाउट फेलला ‘न चुकता’. म्हणजे हे भेद आपल्याला परके नाहीत. इंग्रजी लिहायला बसलो की ते सगळे आपण एका ऑलवेजमध्ये कोंबतो, हे दुखणं आहे.

शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘शी ऑलवेज’ खोडा आणि ‘इन बोथ इयर्स शी टर्न्ड इन हर जर्नल्स ऑन टाइम’ असं लिहा. मुलीचं पारडं जड होतं. आणि ‘शी इज ऑलवेज आस्किंग क्वेश्चन्स’ हे तर कधीच लिहू नका. ऑलवेजनंतर ‘आयएनजी’चं रूप आलं की इंग्रजी कानाला त्यात बहुतेक वेळा कुरकुर ऐकू येते : सारखी प्रश्न विचारत असते! शिक्षकानं केलेलं कौतुक परदेशी विद्यापीठात तक्रार म्हणून वाचलं जाण्याची भीती आहे.

याहून मोठा घोळ नकाराचा आहे. ‘मी नेहमी गोळी घेत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा अर्थ असतो, कधी घेतो, कधी राहून जाते. शब्द त्याच क्रमानं इंग्रजीत नेले की वाक्य होतं, ‘आय ऑलवेज डोन्ट टेक द टॅब्लेट’. इंग्रजीत नकार आपल्या पुढच्या शब्दांवर सत्ता गाजवतो. ऑलवेज त्याच्या आधी आला की तो नकाराच्या तावडीतून सुटतो आणि अर्थ उरतो : कधीच घेत नाही. आपल्याला हवं असतं ते ‘आय डोन्ट ऑलवेज’. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला राहायला गेलेले आईवडील तिथल्या डॉक्टरसमोर बसतात तेव्हा या दोन शब्दांच्या अदलाबदलीवर पुढचा सगळा सल्ला फिरू शकतो. वर्गात तास-तास कर्मणी प्रयोग घोटून घेण्यापेक्षा ही एक गोष्ट आधी शिकवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आपली चूक कुठून येते तेही पाहायला हवं. मराठीत सवय क्रियापदातच मुरलेली असते. ‘आजोबा पहाटे नदीवर जात’, ‘ती रोज ओवी म्हणे’ ही रीतिभूतकाळाची रूपं एवढी पुरेशी आहेत की ‘रोज’ गाळलं तरी रोजचेपणा कळतो. इंग्रजीच्या साध्या भूतकाळात तो आपोआप कळत नाही. त्यासाठी ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ लागतं, नाहीतर क्रियाविशेषण. ते हाताशी नसलं की ‘डेली ही वॉज गोइंग’ तयार होतं. त्यामागे मराठीचा एक सुंदर काळ आहे, हे मुलाला सांगून मग सुधारणा केली तर ती लक्षात राहते.

या शब्दांवर खुद्द इंग्रजांमध्येही कडाक्याचं भांडण झालं आहे. एकोणिसाव्या शतकात रिलायबल या विशेषणावर शुद्धिवादी तुटून पडले होते. आक्षेप असा, की आपण ‘रिलाय ऑन’ म्हणतो, मग तो ‘ऑन’ गेला कुठे? लाफेबलमधला ‘ॲट’ गेला तेव्हा मात्र कोणाला दुःख झालं नव्हतं. रिलायबलची बाजू घेऊन 1877 मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिणारा माणूस होता फिट्झएडवर्ड हॉल. हा अमेरिकन 1846 मध्ये भावाच्या शोधात हिंदुस्थानाकडे निघाला, गंगेच्या मुखाशी त्याचं जहाज फुटलं आणि तो इथेच राहिला. बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात त्यानं शिकवलं. संस्कृत ग्रंथ संपादणारा तो पहिला अमेरिकन मानला जातो. पुढे लंडनमधल्या विद्वानांशी बिनसल्यावर तो सफोकमधल्या एका खेड्यात जाऊन राहिला, आणि तिथून ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची मुद्रितं तपासू लागला. संपादक जेम्स मरे यांच्यासाठी रोज सुमारे चार तास, 1901 मध्ये मरण येईपर्यंत जवळजवळ वीस वर्षं, मोबदल्याविना. मला त्याचं पुस्तक महत्त्वाचं वाटतं, पण रिलायबलचा अर्थ त्याच्या त्या वीस वर्षांत अधिक स्पष्ट दिसतो.

हे सगळं भाषेच्या हौशी लोकांपुरतं नाही. आपल्या 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार होण्यासाठी माणूस त्या मतदारसंघात ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’ असावा लागतो. ऑर्डिनरिली, म्हणजे सामान्यतः. तिथे ऑलवेज नाही, हे विचारपूर्वक केलेलं आहे. कलम 20 सांगतं की नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यानं माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला एवढ्यानं त्याचं रहिवासी असणं संपतही नाही. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर परततात. तेवढे महिने घराला कुलूप असतं. कायद्यात ऑलवेज असतं तर त्यांना कुठल्याच गावचं म्हणता आलं नसतं. ऑर्डिनरिली आहे, म्हणून कोपीत राहणारी बाईसुद्धा आपल्या गावच्या मतदारयादीतल्या नावावर हक्क सांगू शकते, आणि ते नाव कोणी कापू पाहिलं तर बोट ठेवायला कायद्यातला हाच शब्द आहे.