भेंडीबाजार झाडाचाच

मुंबईचा ‘भेंडीबाजार’ हा ‘बिहाइंड द बझार’चा अपभ्रंश, असे पर्यटकांना शहर दाखवणारे सांगतात, वर्तमानपत्री सदरे छापतात, आणि भेंडीबाजार घराण्याची ओळख करून देतानाही हीच कथा पुढे येते. कोटातले साहेब क्रॉफर्ड मार्केटपलीकडच्या वस्तीला ‘बाजारामागची’ म्हणत आणि देशी जिभेने त्याची ‘भेंडी’ केली, म्हणे.

क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले १८६९ साली. कोटातून पाहिले तर चकला, मांडवी, पायधुणी, डोंगरी हे सगळेच त्याच्या मागे. मग साहेबाचा शब्द पायधुणीही ओलांडून जे. जे. इस्पितळाच्या वाटेवरच्या एकाच पट्ट्याला का चिकटावा? बाजार दुसराच, जुना होता म्हणावे, तर तो कोणता हे कथा सांगत नाही. इंग्रजी शब्द आपल्याकडे वाकतात, हे खरे. ‘लँटर्न’चे ‘लालटेन’ झालेच. पण असे होऊ शकते, एवढ्याने ते झाले असे ठरत नाही.

उलट, सॅम्युअल शेपर्ड या इंग्रजानेच १९१७ साली मुंबईच्या स्थळनामांवर पुस्तक लिहिले आणि त्यात इथल्या भेंडीच्या झाडांच्या रांगेवरून हे नाव पडल्याचे नोंदवले. आपल्या भाषेचे श्रेय त्याला सहज घेता आले असते. त्याने घेतले नाही. आपण मात्र ते आपणहून देऊन टाकतो!

घोटाळ्याचे मूळ मला वेगळेच दिसते. शहरी वाचकाला भेंडी म्हणजे फक्त भाजी ठाऊक. भाजीवरून पेठ कशी, म्हणून तो इंग्रजीकडे धावतो. कोकणातल्या माणसाला विचारा. भेंडी म्हणजे समुद्रकाठचे गर्द सावलीचे झाड. पिंपळासारखी पाने, सकाळी पिवळी आणि मावळताना तांबूस होणारी फुले. त्याच्या पानांच्या पिपाण्या करून पोरे वाजवतात. अशी झाडे रस्त्याकडेला सावलीसाठी असणे अगदी साहजिक. आणि शेजार पाहा: उंबरखाडी उंबराची, चिंचबंदर चिंचेचे, बाभुळा टँक बाभळीचा. या रांगेत भेंडीच तेवढी परकी कशी?

आज तिथे साडेसोळा एकरांवर पुनर्विकास चालू आहे. जुन्या चाळी जाऊन मनोरे उभे राहत आहेत. उद्या तिथे इतिहासाचे फलक लागतील, तेव्हा त्यांवर ‘बिहाइंड द बझार’ येता कामा नये. रस्त्याकडेला भेंडीची झाडे लावा आणि फलकावर त्यांचेच नाव लिहा.