गाडी भंगारात गेली, नंबर मात्र आपल्याच नावावर



1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि मासळी वाहणारे टेम्पो, पिकअप माडाखाली उभे. दरवर्षी याच दिवसांत जेटीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गाडी हलणारच नाही, तर विमा कशाला भरू?" आणि गाडी अगदीच सडलेली असली तर पुढचं वाक्य, "देऊन टाक भंगारात, प्लेटीसकट."

या दुसऱ्या वाक्यावर आज लिहितोय, कारण ते मीसुद्धा बोललो होतो.

माझा जुना पिकअप. बर्फाचं पाणी आणि खारी हवा खाऊन त्याची चासी गेली. विमा संपला, मी पुढे भरला नाही. एका भंगारवाल्याला गाडी दिली, रोख पैसे खिशात घातले. आरसी घरच्या कपाटातच राहिली, नंबर प्लेटा गाडीवरच राहिल्या. आठेक महिन्यांनी मोबाईलवर चलन आलं. फोटो उघडून बघतो तर माझाच पिकअप! वेल्डिंग मारून, मागे चिरे भरून रस्त्यावर पळतोय. विमा नाही, मालक मात्र कागदावर मीच.

चलन भरलं, पोलिसांत अर्ज दिला, आरटीओत चार फेऱ्या मारल्या. ते सगळं ठीक. पण त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच विचाराने. त्या गाडीखाली कोणी माणूस आला असता तर?

कायदा इथे कोणाची गय करत नाही. मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलं. गाडी विकली, पुढे दोन-तीन हात फिरली, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली, तर अपघाताची भरपाई त्या पहिल्या माणसावर येते. विमा असता तर कंपनीने भरली असती. नसेल तर घर, होडी, बायकोचं सोनं, सगळंच पणाला लागतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. विमा बंद करणं ही शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे. आधी नंबराचा निकाल लावा, मग विम्याचा.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हाच क्रम सक्तीचा आहे. तिथे विमा बंद करण्याआधी नंबर प्लेट वाहन खात्याकडे जमा करावी लागते. आपल्याकडे नंबर गाडीला जोडलेला असतो. त्यामुळे नुसती प्लेट काढून शेडमध्ये टांगली म्हणजे काम झालं असं नाही. नोंदणी रद्द व्हायला हवी.

आता कोणी काय करायचं ते बघू.

गाडी फक्त बंदीपुरती उभी असेल तर विमा तोडू नका. सार्वजनिक जागेत विम्याशिवाय गाडी वापरता येत नाही आणि जेटीचा रस्ता काही आपलं अंगण नव्हे. पहिल्यांदा पकडलं तर 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं तर दंड 4,000. शिवाय विमा संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. बंदी 61 दिवसांची, त्यानंतर "बघू, चतुर्थी होऊ दे" म्हणता म्हणता 90 कधी होतात कळत नाही.

गाडी विकत असाल तर प्लेटा गाडीसोबतच जातात, पण नावबदल झालाच पाहिजे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणारा "करतो रे नंतर" म्हणाला तर चावी हातात ठेवा.

गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. कर्ज असेल तर आधी बँकेची ना हरकत. गाडी द्यायची ती सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रालाच. 2021 च्या नियमांप्रमाणे तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं. प्लेटाही गाडीबरोबर तिथेच सोपवा. त्याआधी प्लेटांचा आणि चासी नंबराचा फोटो काढून ठेवा.

प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार. दुसऱ्याच्या गाडीवर आपला नंबर दिसला, तर हाताशी तोच एक कागद असतो.

कोणी म्हणेल, केंद्र लांब आहे, भंगारवाला दारात येऊन जास्त पैसे देतो. खरं आहे. मलाही ते दोन-तीन हजार जास्तच मिळाले होते. पण आता कळतं, तो लोखंडाची किंमत देत नव्हता. चालू नंबराची देत होता.

दोष फक्त आपलाही नाही. अर्ज, ना हरकत, फेऱ्या, यात मासेमारी करणाऱ्याचा धंद्याचा दिवस जातो. म्हणून माझी सूचना अशी की बंदीच्या काळात, सगळे घरी असताना, सोसायटीने एक दिवस ठेवावा. सभासदांच्या गाड्यांची यादी करावी, विम्याच्या तारखा लिहाव्यात आणि मेलेल्या गाड्यांचे अर्ज एकत्र भरून द्यावेत. होडीचे कागद आपण जपतोच ना? मग मासळी वाहणाऱ्या गाडीने काय पाप केलंय?

घरी कपाटात एखादी जुनी आरसी पडलेली असेल तर आजच काढून बघा. ती गाडी आत्ता कुठे आहे, हे तुम्हाला सांगता येतं का?

तुमचा अनुभव खाली जरूर लिहा.