टॉपरची झेरॉक्स नको, आपली वही हवी

अकरावीचे वर्ग सुरू झाले की कोल्हापुरात झेरॉक्सच्या दुकानांत ‘टॉपर नोट्स’चे गठ्ठे दिसू लागतात. रंगीत आकृत्या, मोत्यासारखे अक्षर, स्पायरल बाइंडिंग. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी मोहल्ल्यातल्या मुला-मुलींना जीवशास्त्र शिकवते. बहुतेकांच्या दप्तरात असा एक गठ्ठा असतोच. माझे मत विचाराल तर तो घेऊच नका.

नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. त्यासाठी एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न् ओळ वाचावे लागते. झेरॉक्समध्ये एवढेच असते की हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पंप करते. ते पाठ होते, पण प्रश्न जरा फिरवला की गाडी अडते. जिने आपल्या वहीत ‘एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, गुणाकार ५०४०’ असे स्वतः मांडले, तिला त्या ५ लिटरचा हिशोब कुठूनही विचारा.

आपल्या मुलांची खरी अडचण भाषेची आहे. घरात दखनी, दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी. दहावीतली तंतुकणिका म्हणजेच मायटोकाँड्रिया, हे कळायला काहींना दिवाळी उजाडते. नीटचा पेपर मराठीत आणि उर्दूतही मिळतो, पण पुढे मेडिकलची पुस्तके इंग्रजीच. म्हणून संज्ञा इंग्रजी ठेवा आणि समजूत आपल्या भाषेत लिहा. मध्येच दखनी शब्द आला तरी बिघडत नाही, वही कोणाला तपासायला द्यायची नाही.

इब्न अल-नफीसचे नाव आपल्या सभांमध्ये मोठ्या अभिमानाने घेतात. तेराव्या शतकातल्या या हकीमाने केले काय? इब्न सीनाच्या ग्रंथातल्या शरीररचनेच्या भागावर शरह लिहिली. म्हणजे नोट्सच की! हृदयाच्या दोन निलयांमधल्या पडद्यातून रक्त पलीकडे झिरपते, असे तेव्हा मानत. त्याने लिहिले, पडद्याला छिद्रेच नाहीत, रक्त फुप्फुसांतून जाते. नुसती नक्कल उतरवली असती तर त्याला ही शंका आलीच नसती.

आता जमातीच्या मोठ्यांसाठी दोन शब्द. १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, मुलांना राहून शिकता यावे म्हणून. आज आपण गुणगौरव समारंभ करतो. शाल, ट्रॉफी, फोटो. जरूर करा. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी सायन्सला जाते, तिथे विचारायला भाईजान नसतो, आपा नसते. मेडिकलला गेलेल्या आपल्या पोरांकडे जुन्या नोट्स मागू नका, महिन्यातले दोन रविवार मागा. आणि मुलींना रात्री आठनंतरही निवांत बसता येईल अशी एक खोली द्या. लग्नसराई सोडली तर शादीखाना रिकामाच असतो. आमच्या भागातल्या शादीखान्याची किल्ली मागायला मी येत्या जुम्म्यानंतर जाणार आहे.