अंगणातले कासव



मागील महिन्यात आमच्या आलापल्लीतील एक भगिनी घरी आल्या. पती लाकूड डेपोत मजुरी करतात, त्या स्वतः शिवणकाम करतात. मुलगा पहिलीत. म्हणाल्या, "भाऊ, एक साहेब आला होता. पोराले फोनवरून कोडिंग शिकवतो म्हणते. नाही शिकला तर मागं राहील म्हणते. हप्त्यानं पैसे भरता येते. घेऊ का?" हप्त्याचा आकडा ऐकून मी चरकलो. त्यांच्या महिन्याच्या किराण्याएवढा तो होता.

मी म्हटले, "ताई, सहीची घाई करू नका. आधी अंगणात शिकवून पाहू."

कोडिंग म्हणजे संगणकाला क्रमाने हुकूम देणे. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. सांगितले तेवढेच, सांगितले त्याच क्रमाने तो करतो. म्हणून विचार नीट मांडायची सवय हेच यातले खरे शिक्षण आहे.

हे सेमूर पॅपर्ट यांनी ओळखले होते. त्यांचा जन्म १९२८ चा, दक्षिण आफ्रिकेतला. तरुणपणी ते तेथील वर्णद्वेषाविरुद्ध उभे राहिले. पुढे अमेरिकेत त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात मुलाच्या हुकमाने चालणारे एक कासव असते. मूल अडले की पॅपर्ट सांगत, तूच कासव हो आणि चालून पाहा! त्यांच्या विचारांतून घडलेले मुलांचे लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या खेड्याच्या शाळेतही आले होते. पण कासव व्हायला लॅपटॉप लागत नाही.

आम्ही बिल्लस खेळायला आखतात तशा रेघा मारून पाच ओळींत पाच-पाच, असे २५ चौकोन केले. एका कोपऱ्यात चिंचोका आणि मध्ये दोन दगड ठेवले. तिसरीतली माझी मुलगी कासव झाली. त्या मुलाने पाटीवर बाण काढून हुकूम लिहिले: दोन घरे पुढे, उजवीकडे वळ, तीन घरे पुढे. कासवाने फक्त हुकूम पाळायचा, हा नियम.

कासव दगडावर गेले. ताई लगेच ओरडल्या, "डावं-उजवं समजत नाही का रे तुले?" मी त्यांना थांबवले. मुलाला विचारले, "कोणता हुकूम चुकला असेल?" तो पाटी घेऊन स्वतः चौकोनांतून चालला, मध्येच थांबला. एक बाण पुसून दुसरा काढला. कासव चिंचोक्यापर्यंत पोचले. मुलगा म्हणाला, "आई, कासव नाही चुकलं, माहा हुकूम चुकला होता!"

पालकहो, आपली चूक आपणच शोधून दुरुस्त करणे हाच कोडिंगचा गाभा आहे. रागावलो तर मूल चूक लपवायला शिकते. एवढे एक पथ्य पाळा.

पुढचा खेळ: 'तीन पावले पुढे, उजवीकडे वळ' हे चार वेळा करा. कासव चौकोन चालून जागेवर येते. यातून एकच हुकूम पुन्हापुन्हा वापरणे कळते. मग 'जर टाळी वाजली तर बस, नाहीतर चाल' हा खेळ घ्या. मुलगा-मुलगी दोघांनाही आळीपाळीने हुकूम देऊ द्या. टॅब मिळाला तर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' हे फुकट साधन आहे. त्यातले हुकूम चित्रांचे असल्याने वाचता येण्याची अट नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही कोडिंग सहावीपासून पुढे आहे. सहा वर्षांच्या लेकरासाठी कर्ज काढण्याची गरज नाही.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाट्याला हुकूम ऐकणे आले. आपल्या लेकरांनी यंत्राला हुकूम द्यावेत आणि ते चुकले तर न घाबरता दुरुस्त करावेत.

त्या ताईंनी कागदावर सही केली नाही. चौकोन मात्र आता त्यांच्याही अंगणात आहेत. पावसाने पुसले की मुलगा पुन्हा आखतो.