भोवत्यांची मोजणी : माळावरचे एक राहून गेलेले शेतीकाम

हरभऱ्याची खळी उरकली आणि फाल्गुनाचे ऊन तापू लागले, म्हणजे किल्लारीच्या आसपासच्या माळांवरून एक पाहुणा मुकाट्याने निघून जातो. हा पाहुणा म्हणजे भोवत्या. पिकाच्या शेंड्यावरून वीतभर उंचीने, पंख किंचित वर उचलून, संथपणे घिरट्या घालणारा हा शिकारी पक्षी प्रत्येक गुराख्याने पाहिलेला असतो. नर फिकट राखी रंगाचा व पंखांची टोके काळी. मादी तपकिरी व शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. तो आश्विनाच्या सुमारास येतो आणि चैत्रापर्यंत परततो, कझाकस्तान व त्यापलीकडील गवताळ प्रदेशात घरटी करण्यासाठी. तो येतो हे सर्वांस ठाऊक आहे. किती आले आणि किती परत गेले, हे मात्र कोणासही सांगता येत नाही.

ही मोजणी शहरातील हौशी मंडळींचे काम आहे, असा समज ग्रामीण भागात आहे. तो सोडून द्यावयास हवा. भोवत्याचे मुख्य खाद्य नाकतोडे, टोळ, लहान उंदीर व माळावरील चंडोलासारखे लहान पक्षी हे होय. त्याच्या जोडीने हिवाळ्यात येणारी खरुची, हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबणारी, हीदेखील नाकतोडे व उंदीर टिपते. येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हरभऱ्यातील घाटेअळीसाठी जे पक्षीथांबे उभारले जातात त्यांवर बसून अळ्या वेचणारे पक्षी म्हणजे कोतवाल, साळुंकी इत्यादी. भोवत्या त्यांतला नव्हे; त्याच्याकडून घाटेअळीच्या बंदोबस्ताची अपेक्षा ठेवू नये. तसेच कोंबडीची पिले उचलण्याचा आळही त्याच्यावर घेऊ नये. ते काम बहुधा घार किंवा शिक्रा करतो.

मोजणी नसली म्हणजे काय होते, याचा दाखला गिधाडांनी दिलेला आहे. १९९० नंतरच्या दशकात देशभर गिधाडे नाहीशी होऊ लागली, तेव्हा खेड्यापाड्यांतून एवढेच ऐकू येई की, ‘हल्ली दिसत नाहीत.’ राजस्थानात भरतपूर येथे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेली मोजणी हाताशी होती, म्हणूनच घट किती व किती वेगाने झाली हे आकड्यांनी दाखविता आले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याचे कारण असल्याचे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरात एकही उरली नव्हती. मेलेली जनावरे ओढ्याच्या काठी कुजत पडू लागली व भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली, तो भुर्दंड गावांनीच सोसला.

दुसरा दाखला शेतीला याहून जवळचा आहे. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात टोळांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि ते टोळ खाऊन स्वेन्सनचे बाज हजारोंनी मेले. मृतांचा अंदाज वीस हजारांच्या घरात जातो. तेही उत्तरेतून हिवाळ्यासाठी येणारे पाहुणेच होते. आपल्या देशात मोनोक्रोटोफॉसचा वापर भाजीपाल्यावर २००५ साली बंद करण्यात आला, परंतु अन्य पिकांवर ते पुढेही अनेक वर्षे फवारले गेले. त्या काळात मराठवाड्याच्या माळावर किती भोवत्या मेले असतील? वही नाही, म्हणून उत्तरही नाही.

किल्लारीचा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना, १९३१-३२ साली डॉ. सालिम अली यांनी त्या संस्थानची पक्षीपाहणी केली होती. अशा पाहणीतून कोणते पक्षी आहेत हे समजते. दरसाल वाढ झाली की घट, हे समजण्यासाठी त्याच जागी, त्याच दिवसांत, वर्षानुवर्षे मोजावे लागते. आंध्रातील रोल्लापाडूच्या माळावर पूर्वी शेकड्यांनी मुक्कामास उतरणारे भोवत्या पुढे फार कमी झाले, हे तेथे मोजणारे होते म्हणूनच कळले. किल्लारीकरांना नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापूर्वी, १९९२ च्या ऑक्टोबरातच या भागाला लहान धक्के बसले होते. त्यावरून मोठ्या धक्क्याचे भाकीत करता आले असते असे नव्हे. तसे शास्त्र अद्याप नाही. परंतु बारीकसारीक घडामोडींची नोंद ठेवावी, हे त्या गावाइतके कोणास पटावे?

आता प्रत्यक्ष मोजणीविषयी. हिमालयाच्या पायथ्याशी धरमशाळेजवळ वसंतात गरुडांची रांगच्या रांग एका डोंगरकडेने जाताना दिसते. बालाघाटाच्या माथ्यावर तसे होणार नाही. दख्खनचे पठार उघडे व रुंद असल्याने पक्षी विखरून जातात. एखाद्या दिवशी तासभरात एकच भोवत्या दिसेल, एखाद्या दिवशी एकही नाही. यामुळे नाउमेद होऊ नये. शून्य हाही आकडा आहे आणि तो वहीत मांडलाच पाहिजे. चोहीकडे दृष्टी पोहोचेल असा एक माथा ठरवावा व तो बदलू नये. मार्च महिन्यात आठवड्यातून एक दिवस, ऊन तापून वारा वर चढू लागल्यावर, म्हणजे सकाळी दहा ते एक, तेथे बसावे. उत्तरेकडे किंवा वायव्येकडे सरळ निघून गेलेला पक्षीच धरावा. जागीच घिरट्या घालणारा धरू नये, अन्यथा एकाचे चार होतात. तारीख, वेळ, वारा, आभाळ व संख्या एवढे पुरे. नर-मादी ओळखता आली तर उत्तम. जात ओळखता न आल्यास ‘भोवत्या’ एवढेच लिहावे, अंदाजाने नाव ठोकून देऊ नये.

याहून भरवशाचा आकडा मुक्कामाच्या जागी मिळतो. भोवत्या झाडावर झोपत नाही; सायंकाळी माळावरच्या उंच गवतात अनेक मिळून उतरतात. अशी जागा गुराख्याला ठाऊक असते. डिसेंबर ते फेब्रुवारी दरमहा एकदा, सूर्यास्तापूर्वी तासभर, लांबून मोजावे. गवतात शिरू नये. ज्या गायरानात मुक्काम आढळेल तेथील गवत होळीपर्यंत पेटवू अगर नांगरू नये, असा ठराव ग्रामसभेने करण्यास हरकत नसावी. गायराने नांगरून, खोदून किंवा अन्य कामी लावून संपत चालली आहेत, आणि भोवत्याला झोपण्यास दुसरी जागा नाही.

कृषी सहाय्यक व ग्रामसेवक यांनी याबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनचे आमिष वापरले असेल तर मेलेले व सुस्तावलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. असा उंदीर घुबडाने, खरुचीने किंवा भोवत्याने उचलला तर विष त्याच्याही पोटात जाते. मोजणीची वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी, बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या पेटीत नव्हे. आणि आमिष कोणत्या तारखेस टाकले, कोणते औषध कोणत्या पिकावर फवारले, हेही त्याच वहीच्या डाव्या पानावर लिहीत जावे.