पडद्यावरील दर्या आणि हरवलेले वल्हे

महाराष्ट्रात निघालेल्या शिवकालीन चित्रपटांची परंपरा ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटापासून ‘पावनखिंड’ (२०२२) पर्यंत शंभर वर्षांची आहे. या शंभर वर्षांत पडद्यावर गड सर झाले, खिंडी लढविल्या गेल्या, घोडी उधळली; परंतु दर्या मात्र उपेक्षितच राहिला. आरमाराचा विषय निघालाच, तर तो एखाद्या संवादात नाहीतर संगणकाने रंगविलेल्या शिडांच्या गर्दीत उरकला जातो. ज्या वल्ह्यावर ते आरमार चालले, ते वल्हे कोठे आहे, असा आमचा सवाल आहे.

मराठ्यांचे गलबत हे शिडाचे तसेच वल्ह्याचे तरांडे होते. मोठ्या गलबतास चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की परकीयांची अवजड जहाजे जागच्या जागी डुलत राहत. अशा वेळी आमची गलबते तोफांनी सज्ज अशा गुराबांना दोर बांधून शत्रूच्या पिछाडीस ओढून नेत. इ. स. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर मायनाक भंडारी तटबंदी उभारीत असता इंग्रजांनी बेटाची कोंडी केली. तरीही रात्रीच्या अंधारात लहान होड्या वल्हवीत आमचे दर्यावर्दी बेटावर रसद पोहोचवीतच राहिले. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांस तह करून बेटावरचा हट्ट सोडावा लागला. याहून नाट्यमय प्रसंग पटकथाकारास आणखी कोणता हवा?

कोणी म्हणेल, समुद्रावरील चित्रण खर्चाचे व जोखमीचे असते. असेल, परंतु जे निर्माते राजवाड्यांच्या देखाव्यांवर पैशाचा पाऊस पाडतात, त्यांनी चार होड्या बांधून घेण्यास हात आखडावा, हे आम्हांस पटत नाही. संगणकाच्या होडीस वजन नसते. पाणी कापताना वल्हेकऱ्याच्या खांद्यावर येणारा ताण आणि एका ठेक्यात उठणारी-पडणारी वल्ही यांची प्रतीती खऱ्या लाकडाच्या होडीवाचून येणार नाही.

आणि प्रश्न केवळ देखाव्याचा नाही. स्वराज्याची कथा घोडेस्वारांपुरतीच सांगितली, म्हणजे कोळी, भंडारी आदी दर्यावर्दी समाजांचा त्यातील वाटा आपोआप पुसला जातो. ज्या मुलांचा इतिहास पडद्यावरच घडतो, त्यांना हे लोक भेटणार तरी कोठे? आज कोकणकिनारी लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. होडी बांधणारे सुतार जोवर हयात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे. निर्मात्यांनी त्यांच्या दारी जावे, सागाच्या फळ्या जुळवून घ्याव्यात आणि वल्ही खऱ्या तांडेलांच्या हाती द्यावीत. तोपर्यंत दर्याविना दाखविलेल्या स्वराज्यास पूर्ण स्वराज्य म्हणण्यास आम्ही तयार नाही.