बायबलकालीन दारिद्र्य आणि आमच्या बालकथा

बायबलच्या काळावर मुलांसाठी रचलेल्या ज्या कथा रविवारच्या शाळांतून वाटल्या जातात, त्यांविषयी सुशिक्षित मराठी कुटुंबांत बहुधा दोनच मते आढळतात. एक, हा धर्मप्रसार आहे, सबब पुस्तक उघडूच नये. दुसरे, गोष्टी निरुपद्रवी आहेत, मुलांनी वाचल्या तर बिघडले कोठे? आम्हांस ही दोन्ही मते अमान्य आहेत. आमचा आक्षेप या कथांतील धर्मावर नसून त्यांतील दारिद्र्यावर आहे. त्यांतले गरीब मूल खरोखर गरीबच नसते.

या कथांचा साचा ठरलेला. एखादा पांगळा मेंढपाळ किंवा पोरकी मुलगी; अंगावर चिंध्या, अंतःकरण सोन्याचे; वाटेत येशूची गाठ पडते आणि शेवटच्या प्रकरणात सर्व दुःख मावळते. बापाच्या डोक्यावर कर्ज किती होते, कर कोण वसूल करी, शेत कोणाच्या घशात गेले, हे लेखक विचारीत नाही. दारिद्र्य हे जणू हवामान. त्याचा कर्ता कोणी नाही.

मूळ ग्रंथ इतका भित्रा नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक विधवा अलीशाकडे धावत येते, कारण सावकार तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला आहे. वहाणांच्या जोडासाठी दरिद्र्यास विकणाऱ्यांवर आमोस संदेष्टा कडाडतो. नामान सेनापतीच्या घरची दासी ही स्वारीत धरून आणलेली पोर. तिचे नावही कोणी नोंदले नाही. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा आईबापांनी अर्पण केली ती पक्ष्यांची जोडी. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी शास्त्राने दिलेली ती सवलत होती. पुढे इ. स. ६६ मध्ये यरुशलेमात बंड उसळले, तेव्हा बंडवाल्यांनी दप्तरखाना पेटवून सावकारांचे रोखे जाळले, असे जोसीफस सांगतो. १८७५ साली सुप्यास काय घडले हे जाणणाऱ्या मराठी वाचकास याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

म्हणूनच सातारा-सांगलीकडे पाहता आमची तक्रार अधिक तीव्र होते. साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशनने व सांगली-मिरजेस अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने शाळा व दवाखाने चालविले. भोवती माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी मुलूख. मेंढरे, घोंगडी, आटलेली विहीर आणि कापणीनंतर परक्याच्या रानात सरवा वेचणारी बाई येथे कोणास नवी? रूथ तरी दुसरे काय करीत होती! १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनेक पोरकी मुले मिशनच्या आश्रयास आली. गालीलातील भूक समजून घेण्यास याहून जवळची वाट नव्हती. तरीही मुलांच्या हाती पडली ती बहुधा इंग्रजी गोष्टींची छाया आणि गोऱ्यापान बालकांची चित्रे.

आरंभ असा नव्हता. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’त उपदेश आहेच, पण त्याचा पाया येथल्या विधवांचे खरे दुःख हा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीस अभंगाचा वेष दिला. भक्ती मराठी झाली. बालकथेतला दरिद्री तेवढा परका राहिला.

कोणी म्हणेल, कोवळ्या मुलांपुढे कर्ज आणि जप्ती कशाला? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त सावकाराचा माणूस दारात येऊन आईचा अपमान करतो. १९३५ पासून मुले ते वाचीत आहेत. त्यांची मने कोमेजली नाहीत, रुंदावली. आणि बायबलकथांस हसणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहावे. सुदाम्याच्या पोरांची भूक आपणही एका रात्रीत सोन्याच्या नगरीने मिटवितो व पुस्तक मिटतो.

सर्वांत मोठे वैगुण्य हे, की या कथांतील मूल केवळ घेणारे असते. शुभवर्तमानातला मुलगा तसा नाही. हजारोंच्या जमावात ज्या पाच भाकरी पुढे आल्या त्या त्याच्या होत्या, आणि त्या जवाच्या, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या होत्या. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब मुलांना श्रम करून शिकण्याची वाट दाखविली, ती त्यांना दयेचे धनी न समजता. हाच मान आम्ही कथेत मागतो.

यास्तव लेखकांनी ही सामग्री टाकून न देता ती मुळापासून वाचावी आणि माणदेशी डोळ्यांनी लिहावी. आईबापांनीही पुस्तक कोणत्या धर्माचे हे पाहून थांबू नये. त्यातील भुकेचे कारण लेखकाने सांगितले आहे की नाही, हे पाहून मग ते मुलांच्या हाती द्यावे.